हवा भरपूर, पण ऑइलचं काय? अर्ध्या इंजिनाचा कॉम्प्रेसर, हंगामभराच्या वापरानंतर

ट्रॅक्टरचं जुनं इंजिन वर्कशॉपमधून बदलून घेऊन मी हवेचा कॉम्प्रेसर केलाय; अर्धे सिलिंडर इंजिन चालवतात, अर्धे हवा दाबतात. मागच्या आठवड्यात ऐन रंगकामात तीन नंबरच्या सिलिंडरची हवा बंद झाली. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलं तर डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या, म्हणजे दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगचे दोन तुकडे, आणि प्लेटवर खरवडून काढावी लागेल इतकी जाड काजळी. माझी पहिल्या दिवसापासूनची तक्रार समोर दिसत होती. हवेत येणारं इंजिन ऑइल!

ज्यांनी असं इंजिन बघितलंय त्यांना मांडणी माहीत असेल. चार सिलिंडरी डायरेक्ट इंजेक्शन इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) 91.4 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 127. एक आणि चार नंबर डिझेलवर चालतात, दोन आणि तीन हवा दाबतात. त्या दोघांचे पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, काढलेत. इनलेटला हलक्या स्प्रिंगा आहेत, पिस्टन खाली आला की व्हॉल्व्ह ओढीनेच उघडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागी पोर्टकडे उघडणारा प्लेट व्हॉल्व्ह बसवलाय. फ्युएल पंपाच्या रिकाम्या झालेल्या दोन लाइनी मात्र बुजवलेल्या नाहीत. त्यांचे नोझल बाहेर एका बंद डब्यात फवारतात आणि ते डिझेल टाकीत परत जातं. हे काम वर्कशॉपने फार नीट केलंय, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत फोर्ड मॉडेल ए च्या इंजिनावर दोन सिलिंडर इंजिनाला आणि दोन हवेला, असे कॉम्प्रेसर विकले जायचे. पण त्याला हेड खास बनवावं लागायचं. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर गेल्यावरही डोक्यावर बरीच जागा उरते. तिथली दाबलेली हवा बाहेर न जाता परत फुगते आणि नवी हवा आत घेऊ देत नाही. डिझेल इंजिनात हवा 16 पटीच्या आसपास दाबली जाते, म्हणून ती जागा थोडी. मिनिटाला 1000 फेऱ्या धरल्या तर माझ्या दोन सिलिंडरांचे पिस्टन मिनिटाला साधारण 1,660 लिटर जागा मोकळी करतात. 100 पौंड दाबाला (दर चौरस इंचावर) त्याच्या जेमतेम तीन-चतुर्थांश हवा पदरात पडते, म्हणजे 40 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) पुढे. जंबो टायर, इम्पॅक्ट गन, छोटा चिपिंग हॅमर, सगळं आरामात चालतं. आमच्याकडे कराडच्या बाजूला गाळपाआधी उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला रांग लावतात आणि थ्री फेजचा काही भरवसा नसतो. तेव्हा याने एकदाही काम अडवलं नाही. पाण्याचं जॅकेट असल्यामुळे दिवसभर चालवा, दम खात नाही. पूर्ण भारावर तासाला 3 लिटरच्या आसपास डिझेल जातं, ते मला खटकत नाही. एवढ्या हवेचा नवा डिझेल कॉम्प्रेसर लाखांत जातो.

पण ट्रॉलीला रंग मारायला घेतला की जीव जळतो. पाइपच्या तोंडापुढे पांढरा कागद धरा, थोड्या वेळात त्यावर तपकिरी ठिपके उमटतात. तेच ठिपके रंगात गेले की पत्र्यावर डोळे (रंग न धरलेले गोल खळगे) पडतात, आणि घासून पुन्हा मारायचं. थिनर माझा, मजुरी माझी. वर्कशॉपचं म्हणणं, इंजिन तुमचं, पिस्टनच्या रिंगा जुन्या, आमची जबाबदारी नाही. हे मी मानत नाही. लाइनर (सिलिंडरची आतली नळी) आणि रिंगा त्यांनीच तपासून ठीक आहेत म्हणून सांगितलं होतं, आणि एक-चार नंबर आजही धूर मारत नाहीत.

बरेच दिवस मीही दोन-तीनच्या लाइनरलाच दोष देत होतो. हेड उतरल्यावर ते मत बदललं. लाइनर चांगले आहेत. फोर स्ट्रोकमध्ये पिस्टन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो, इथे प्रत्येक फेरीत ओढतो. म्हणजे खालचं ऑइल वर खेचायची वेळ दुप्पट. वर आलेलं ऑइल एक-चारमध्ये जळून जातं, दोन-तीनमध्ये ते हवेबरोबर टाकीतच जाणार. एअर फिल्टर तुंबला की ओढ वाढते आणि ऑइलही वाढतं; फिल्टर धुतला की कागदावरचे ठिपके लगेच कमी होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तेव्हा या दोन सिलिंडरांना जास्त ताणाच्या ऑइल रिंगा (ऑइल खाली खरवडणाऱ्या) सुरुवातीलाच घालायला हव्या होत्या. हे काम कन्व्हर्जनमध्येच, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्रेसर करतानाच, धरायचं.

काजळीचं कारणही तेच. एका टप्प्यात 100 पौंडावर नेलेली हवा 200 अंशांच्या वर तापते. त्या झळीत इंजिन ऑइल व्हॉल्व्हवर आणि पाइपात करपतं. साचलेली काजळी पाइपातच पेट घेऊ शकते, तेव्हा याकडे कुणी दुर्लक्ष करू नका. मी दाब 80 पौंडावर आणलाय, टाकीच्या आधी हवा थंड करायला तांब्याची कॉइल आणि ऑइल वेगळं करणारा सेपरेटर बसवलाय, आणि डिलिव्हरी पाइप ठरावीक दिवसांनी खोलून साफ करतो. रंग आता बराच सुधारलाय. शेवटच्या हातासाठी मात्र अजून छोटा बेल्टवाला कॉम्प्रेसरच लावतो.

स्प्रिंग मी टर्नरकडून नवी करून घेतली. कन्व्हर्जनच्या मजुरीची शेवटची रक्कम अजून माझ्याकडेच आहे. दोन्ही सिलिंडरांच्या ऑइल रिंगा बदलून मिळेपर्यंत ती देणार नाही, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलंय.