चक्र सरकलेला तिरंगा घेऊ नका

ऑनलाइन मागवलेला पॉलिस्टरचा तिरंगा. दोन स्टार देतोय, तेही कापड जाड आणि शिलाई पक्की आहे म्हणून. अशोकचक्र मात्र दांडीच्या बाजूला सरकलंय, आरे एकमेकांत मिसळलेत. २४ मोजायला गेलं तर जमतच नाही. प्रमाण ३:२ हवं, हा जवळपास चौकोनी. ध्वजसंहितेत २०२१मध्ये पॉलिस्टरला परवानगी मिळाली, मापात सूट नव्हे.

सगळ्यात खटकलं ते पाकिटावरचं चित्र. हिरवा पट्टा वर! मुद्दाम केशरी रंग खाली ठेवून झेंडा लावणं १९७१च्या कायद्याने गुन्हा आहे, निषेध म्हणून केलं तरीही. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये निषेधासाठी झेंडा जाळणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य मानलं. आपल्याकडे बहुतेकांना ते पचणार नाही, मलाही नाही. पण आंदोलकाच्या हातात झेंडा उलटा दिसला की आपण पेटून उठतो आणि विक्रेत्याने उलटा छापला की गप्प बसतो, हे काही बरोबर नाही.

तक्रार केली तर ‘छपाईत थोडं इकडेतिकडे होतं’ असं उत्तर. पैसे परत मिळाले, झेंडा अजून विक्रीला आहे.