नवीन बिझनेस कोड लावून देणारी सर्व्हिस घेतली, त्याचा रिव्ह्यू

आमच्या कंपनीचे सप्लायर आणि कस्टमर युरोपातल्या बऱ्याच देशांत आहेत, आणि प्रत्येकाच्या रेकॉर्डला त्यांच्या व्यवसायाचा कोड लावलेला असतो. २०२५ पासून तिकडे नेसची (NACE, युरोपियन युनियनचं व्यवसायांना कोड देणारं वर्गीकरण) नवी आवृत्ती आली, रिव्हिजन २.१, आणि आमचा सगळा मास्टर डेटा बदलायची वेळ आली म्हणून बाहेरची एक सर्व्हिस घेतली.

आधी एक सांगते, जुना कोड कुठल्या नव्या कोडमध्ये गेला याचा तक्ता युरोस्टॅट, म्हणजे युरोपियन युनियनचं सांख्यिकी कार्यालय, फुकट देतं. कोणी नुसता तोच लावून देणार असेल आणि वर बिल पाठवणार असेल तर सरळ नाही म्हणा. पैसे द्यायचे ते जिथे तक्त्यावर भागत नाही तिथल्या कामाचे. ४५ नंबरचा अख्खा विभागच गेलाय, गाड्यांची विक्री ४६ आणि ४७ मध्ये वाटली गेली आणि दुरुस्ती गेली ९५ मध्ये, मग शोरूम आणि वर्कशॉप दोन्ही चालवणाऱ्या डीलरला कुठला कोड लावणार?

सगळ्यात डेंजर कोड ४७.९१. आधी तो ऑनलाइन किंवा पोस्टाने माल विकणाऱ्यांचा होता, आता दुकानातून विकता की वेबसाइटवरून हा फरकच काढून टाकलाय आणि काय विकता त्यावर कोड ठरतो. पण ४७.९१ हा नंबर रद्द नाही झाला, तो आता दुसऱ्यांचा सगळ्या प्रकारचा माल विकून देणाऱ्या मध्यस्थांना दिलाय, म्हणजे मोठमोठे प्लॅटफॉर्म वगैरे. त्यामुळे जुना कोड तसाच राहिला तरी सिस्टीम एरर देत नाही, व्हॅलिड आहे म्हणून गप्प बसते आणि शूज विकणारा छोटा दुकानदार रेकॉर्डवर प्लॅटफॉर्म होऊन बसतो. या सर्व्हिसने असे सगळे रेकॉर्ड बाजूला काढले आणि त्या त्या कंपनीला मेल करून विचारलं, माल तुमचा स्वतःचा असतो की दुसऱ्याचा विकून कमिशन घेता, आणि सगळ्यात जास्त कमाई कशातून होते? मला हे फार आवडलं, कारण मुख्य व्यवसाय कुठला हे शेवटी मूल्यवर्धनावरून (विक्रीतून विकत घेतलेल्या माल-सेवांचा खर्च वजा करून उरतं ते) ठरतं, कंपनीच्या नावावरून नाही, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

अक्षरांचा घोळ पण त्यांनी वेळेत सांगितला. या वर्गीकरणातल्या सगळ्यात वरच्या गटांना, म्हणजे सेक्शनना, अक्षरं असतात. जुन्या 'जे' सेक्शनचे (माहिती आणि संचार) दोन झाले, त्यामुळे 'के' आता टेलिकॉम आणि कॉम्प्युटरवाल्यांकडे आलं आणि बँका-इन्शुरन्स सरकून 'एल' मध्ये गेल्या. आमचा रिस्क रिपोर्ट अक्षरावर चालतो, त्यात सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्या फायनान्स म्हणून दिसल्या असत्या!

आता तक्रारी. पहिली फाइल एक्सेलमध्ये आली आणि शेवटचे शून्य गायब, ६२.१० चं झालं ६२.१. वरवर बघितलं तर किरकोळ वाटेल, पण ६२.१ हा वरचा ग्रुप आहे आणि ६२.१० हा त्यातला क्लास, दोन वेगळ्या पातळ्या. शेतीच्या कोडचं पुढचं शून्य पण उडालं होतं, ०१.११ चं १.११. जे लोक दिवसभर हेच काम करतात त्यांच्याकडून हे अजिबात अपेक्षित नव्हतं. परत मागवली तेव्हा टेक्स्ट फॉरमॅटमध्ये नीट आली पण सपोर्टचं उत्तर यायला फार वेळ लागला.

तरी एका गोष्टीसाठी मी यांना पूर्ण मार्क देईन. जुना कोड पुसून त्यावर नवा लिहिला नाही, दोन्ही ठेवले आणि प्रत्येकाला कधीपासून कधीपर्यंत अशी तारीख आणि आवृत्ती लावली. देशादेशांचं वेळापत्रक एक नाहीये ना. इटलीत ॲटेको २०२५ (नेसवर आधारित त्यांचं स्वतःचं वर्गीकरण) चा वापर १ एप्रिल २०२५ ला सुरू झाला, आणि फ्रान्समधल्या कंपन्यांना नवे कोड २०२७ च्या जानेवारीत मिळणार, म्हणजे मधल्या काळात आमच्या एकाच टेबलात दोन्ही आवृत्त्या राहणार आणि आवृत्तीचा कॉलम नसेल तर ४७.९१ बघून कोणालाच काही कळणार नाही. फ्रान्सचं काम पण यांनाच देतोय, फक्त या वेळी फाइलचा फॉरमॅट आधीच लेखी ठरवून घेतलाय.