जिनिंगला जनरेटर: डिझेलचा की गॅसचा?

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवाल्या (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) भाऊंचं ठरत नाहीये: लाइन गेली की डिझेल जाळायचं की गॅस?

डिझेल लिटरला साधारण 3 ते 3.5 युनिट देतं; नैसर्गिक वायूही घनमीटरला जवळपास तेवढेच. दोन्हींचे आपल्याकडचे दर मांडा, इंधनाचा हिशेब तिथेच लागतो. पण पाइपलाइन नसेल तर सीएनजीची नळकांडी ट्रकने येणार, भाडं दरात चढणार. डिझेल टाकीत भरून ठेवलं की झालं.

खरी गोम लोडमध्ये आहे. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची मोटर सुरू होताना एकदम करंट ओढते. डिझेल इंजिन तो झटका बऱ्यापैकी पेलतं. गॅसचं दबतं, फ्रिक्वेन्सी पडते, कधी सगळंच ट्रिप होतं. मग सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं यंत्र) लावा, मशिनी एकेक करून उचला. त्यात स्पार्क प्लगचा जास्तीचा खर्च. ऑइल मात्र कमी काळवंडतं, अन्‌ काळा धूर जवळपास नाहीच.

हंगामात तास-दोन तास लाइन जाते, एवढंच असेल तर डिझेलच घ्या. वर्षभर चालणारी, वाळवणीला गरम हवा लागणारी डाळमिल असेल आणि पाइपलाइन दारात असेल, तर गॅस. एक्झॉस्टची उष्णताही कामी लागते.