उघड्या विंडोंची यादी आणि डेस्कटॉप बदलणं: स्क्रिप्टसाठी काय घ्याल?

लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवणाऱ्या दोन व्यवस्था आहेत: जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. आपली कोणती ते कळायला आधी टर्मिनलमध्ये ‘एक्सडीजी सेशन टाइप’ हा व्हेरिएबल छापून बघा. उत्तर ‘एक्स११’ आलं तर काम सोपं आहे, ‘वेलँड’ आलं तर वाट वेगळी. उबुंटूने २१.०४ पासून वेलँड डीफॉल्ट केल्यामुळे जुनी स्क्रिप्ट नव्या मशीनवर अचानक अर्धवट चालते. ती एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स११ ची अॅप्स चालवणारा थर) उघडलेल्या विंडो तेवढ्या दाखवते आणि बाकीच्या गायब. एरर मात्र येत नाही, त्यामुळे शोधण्यात तास जातो.

एक्स११ वर सामना डब्ल्यूएमसीटीआरएल आणि एक्सडूटूल या दोन कमांडचा. यादीसाठी मी डोळे मिटून पहिलं घेतो. ‘-एल’ दिलं की प्रत्येक विंडोची एक ओळ मिळते: आयडी, डेस्कटॉपचा क्रमांक, मशीनचं नाव, टायटल. क्रमांक ० पासून सुरू होतात. -१ दिसला तर ती विंडो सगळ्या डेस्कटॉपवर चिकटवलेली आहे. सोबत ‘-एक्स’ जोडा, म्हणजे विंडोचा क्लासही, म्हणजे ती कोणत्या अॅपची हे सांगणारं नाव, दिसतो. विंडो ओळखायची ती क्लासवरूनच. ब्राउझरचं टायटल टॅब बदलला की बदलतं, त्यावर स्क्रिप्ट उभी करू नका. टायटलं मराठीत असतील आणि स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालत असेल तर ‘-यू’ द्या, नाहीतर लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, न मिळाल्यामुळे देवनागरी अक्षरांचा चुथडा होतो.

डब्ल्यूएमसीटीआरएलचा मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे स्मॉल ‘-ए’ आणि कॅपिटल ‘-आर’ यांतला फरक. पहिला तुम्हाला विंडोच्या डेस्कटॉपवर नेतो, दुसरा ती विंडो उचलून तुमच्या डेस्कटॉपवर आणतो. हिशोबाची शीट एका डेस्कटॉपवर आणि मेल दुसऱ्यावर असेल तर मला बहुतेक वेळा दुसराच हवा असतो.

एक्सडूटूलचा सर्च रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा नमुना) घेतो, पण एकाच ब्राउझरसाठी चार-पाच आयडी हातात देतो. त्यातले बरेचसे न दिसणारे. ‘ओन्लीव्हिजिबल’ लावलं तर काही विंडो मॅनेजरवर (विंडो मांडणारा प्रोग्राम) दुसऱ्या डेस्कटॉपवरच्या खऱ्या विंडोही गळतात. डेस्कटॉप बदलायला मात्र तेच बरं: ‘सेट डेस्कटॉप’ला ‘रिलेटिव्ह’ जोडलं की एक पुढे, एक मागे जाता येतं. डब्ल्यूएमसीटीआरएलच्या ‘-एस’ला नेमका क्रमांकच लागतो, म्हणजे आधी ‘-डी’च्या यादीतली तारांकित ओळ शोधा, मग बेरीज करा. शिवाय विंडोवर गेल्यावर कळा दाबायच्या असतील तर एक्सडूटूलच घ्या.

वेलँडवर एका अॅपला दुसऱ्याच्या विंडोंमध्ये डोकावू द्यायचं नाही असं मुद्दाम ठरवलेलं आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने मला ते पटतं. त्यामुळे विचारायचं ते थेट कंपोझिटरला, म्हणजे वेलँडवर विंडो सांभाळणाऱ्या प्रोग्रामला. स्वे हा कंपोझिटर वापरत असाल तर त्याची स्वेएमएसजी ही कमांड विंडोंचं सगळं झाड जेसन या मजकूर-स्वरूपात देते, ते जेक्यू या कमांडने चाळा. फक्त वेलँडच्या विंडोंना ‘अॅप आयडी’ असतो आणि एक्सवेलँडवाल्यांना ‘क्लास’, दोन्ही तपासा. हायपरलँड या दुसऱ्या कंपोझिटरचं हायपरसीटीएल त्याहून सुटसुटीत, कारण झाडाऐवजी सपाट यादी मिळते.

ग्नोम या डेस्कटॉपवर (उबुंटूचा नेहमीचा) मन घट्ट करा. ग्नोमच्या शेलमध्ये बाहेरून कोड चालवायची ‘इव्हॅल’ची वाट आवृत्ती ४१ पासून बंद आहे, एक्स्टेन्शन टाकावंच लागतं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर डीबसमधून (प्रोग्रामांना एकमेकांना निरोप द्यायची सोय) डेस्कटॉप एका ओळीत बदलतो, पण तिथे मोजणी १ पासून असते. एक्स११ वरची स्क्रिप्ट तिकडे नेताना क्रमांकात एक मिळवायला विसरू नका.