विझत्या सूर्याखालचं पुस्तक, अप्पा बळवंत चौकातून

जुन्या पुस्तकांच्या दुकानात अमेरिकन लेखक जीन वुल्फची १९८० सालची इंग्रजी कादंबरी 'द शॅडो ऑफ द टॉर्चरर' मिळाली, बाइंडिंग ढिलं पण भाव ठीक. पुस्तक खतरनाक आहे! गोष्ट फार दूरच्या भविष्यातली, सूर्य विझत चाललाय, लोक तलवारी घेऊन फिरतायत, आणि एका ठिकाणी एक म्हातारा जुनं चित्र पुसून साफ करत बसलाय, त्यात उजाड वाळवंटात चिलखतातला कोणीतरी, हातात ताठ झेंडा, तोंडावर सगळी सोन्याची काच, म्हणजे अहो चंद्रावरचा अंतराळवीर! लेखक हे सांगतच नाही, आपणच ओळखायचं. इंग्रजी जड आहे, अडलेला प्रत्येक शब्द बघत बसलात तर वैतागाल, सरळ रेटत राहा. पुढचे भाग मात्र दुकानदार काकांकडे नव्हते, 'आले तर सांगतो' म्हणाले, नंबरही घेतला नाही.