पहिलं मोठं शिखर स्कीवर: ग्रान पाराडिसो की एल्ब्रुस?

गुलमर्गला दोन-तीन हंगाम स्की करून झाली की पुढचा विचार ठरलेला: आता गाइडेड ग्रुपबरोबर एखादं शिखर. मग दोन नावं हमखास निघतात. इटलीतलं ग्रान पाराडिसो, 4061 मीटर, आणि रशियातलं एल्ब्रुस, 5642 मीटर. एल्ब्रुस ‘सेव्हन समिट्स’च्या, म्हणजे प्रत्येक खंडातल्या सर्वोच्च शिखरांच्या, यादीत आहे, त्यामुळे मन आधी तिकडेच धावतं. पण शिखर स्की करत गाठायचं आणि स्की करतच उतरायचं असेल, तर आमचं मत ग्रान पाराडिसोच्या बाजूने आहे.

आधी चढाचा हिशोब. ग्रान पाराडिसोला वाल्सावारांशच्या दरीतल्या पाँ या वस्तीपासून (1960 मी) व्हित्तोरिओ एमानुएले हटपर्यंत (डोंगरातला मुक्कामाचा निवारा, सुमारे 2730 मी) पहिल्या दिवशी अडीच-तीन तास लागतात. दुसऱ्या दिवशी हटपासून शिखरापर्यंत 1330 मीटर. बारीतून कळसूबाई चढताना जेवढा चढ होतो, त्याच्या साधारण दीडपट; तोही पायात जड बूट आणि स्की घालून, विरळ हवेत. पाच ते सहा तास धरा. परत येताना थेट पाँपर्यंत म्हणजे 2100 मीटरचा उतार.

एल्ब्रुसला दक्षिणेकडून अझाऊहून (2350 मी) केबल कार गराबाशीपर्यंत, 3847 मीटरवर, आणून सोडते. तिथून शिखर जवळपास 1800 मीटर वर. बरेच ग्रुप रॅट्रॅक, म्हणजे बर्फावर चालणारी साखळीची गाडी, घेऊन 5000 मीटरच्या आसपास उतरतात. पाय वाचतात, फुप्फुसं नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, आणि तासाभरात हजार मीटर वर नेलेलं शरीर त्याला लगेच सरावत नाही. म्हणून कार्यक्रम किमान आठ-नऊ दिवसांचा हवा: आधी शेजारच्या चेगेट डोंगराच्या उतारांवर, मग गराबाशीच्या वरच्या पास्तुखोव्ह खडकांपर्यंत चढून परत खाली झोपायला, आणि शेवटी हवामानासाठी दोन राखीव दिवस. राखीव दिवस नसलेली सहल स्वस्त दिसते. ती घेऊ नका.

आता स्कीचं. ‘एल्ब्रुस स्की असेंट’ असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी पास्तुखोव्ह खडकांच्या वर बर्फ वाऱ्याने घासून काचेसारखा होतो. त्यावर स्कीची कड धरत नाही, आणि पाय सुटला की थांबायला काही नसतं. त्यामुळे अनेक ग्रुप स्की तिथेच किंवा थोड्या वर ठेवून क्रॅम्पॉनवर, म्हणजे बुटांना बांधायच्या लोखंडी दात्यांवर, पुढे जातात. स्की खरोखर कुठपर्यंत नेणार, हा प्रश्न पैसे भरण्याआधी लेखी विचारा. ग्रान पाराडिसोवर स्की शिखरकड्याच्या अगदी खालपर्यंत जातात. तिथे त्या बर्फात रोवायच्या आणि उरलेला टप्पा आइस अॅक्स, क्रॅम्पॉन आणि दोर. मॅडोनाच्या पुतळ्याजवळचे शेवटचे काही मीटर अरुंद, दोन्ही बाजूंना मोकळे आहेत. एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारी तिथे वर जाणारे आणि उतरणारे एकमेकांसमोर अडकतात आणि थंडीत उभं राहून बोटं बधिर होतात. मधल्या वाराची तारीख मिळाली तर तीच घ्या.

ग्रान पाराडिसोला जायचे दोन मार्ग आहेत. व्हित्तोरिओ एमानुएलेचा सोपा. शाबो हटचा मार्ग लावेचाऊ हिमनदीवरून जातो. तिथे भेगा जास्त, पण उत्तरेकडे तोंड असल्याने भुसभुशीत बर्फ जास्त दिवस टिकतो. दोन्ही वर ‘गाढवाची पाठ’ नावाच्या सोंडेपाशी भेटतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पहिलाच निवडावा.

दोन्हीकडे लोक दमतात ते तंत्र कच्चं असल्यामुळे. पहाटे पाचला बर्फ दगडासारखा असतो. तीस अंशांच्या चढावर नागमोडी जाताना प्रत्येक वळणाला किक-टर्न मारावा लागतो: वरची स्की उचलून फिरवायची, वजन तिच्यावर टाकायचं, मग मागच्या पायाची टाच झटकून दुसरी स्की ओढून घ्यायची. हा झटका जमत नसेल तर मागच्या स्कीचं टोक बर्फात अडकतं, तोल जातो, आणि मागची रांग खोळंबते. एका चढावर असे साठ-सत्तर टर्न सहज होतात. स्की-क्रॅम्पॉन (स्कीखाली बसवायचे दाते) चढ कडक होण्याआधी, सपाट जागीच लावा. उभ्या चढावर वाकून लावताना एक स्की हातून निसटली की दिवस संपला. चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला स्किन्स, म्हणजे केसाळ पट्ट्या, चिकटवतात; त्यांचा गोंद ओला झाला किंवा त्यात बर्फाचे कण गेले की त्या मागून सुटायला लागतात. म्हणून थांब्यावर काढल्या की घडी करून थेट जॅकेटच्या आत, छातीशी. सॅकमध्ये दोन रबरी स्की-पट्टे असू द्या. सुटलेली स्किन स्कीला बांधून वेळ निभते.

बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे हवंच. हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागात स्की टूरिंग करताना हे तिन्ही बाळगणं इटलीत 2022 पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. उतरताना वेळही पाळायची: रात्री गोठलेला वरचा थर उन्हाने दोन-तीन सेंटीमीटर मऊ होतो, तेव्हा स्की लोण्यासारखी चालते. त्यानंतर तासाभराने तोच बर्फ गुडघाभर खचतो आणि ओली स्खलनं सुटतात. म्हणून हटवर चारला नाश्ता. उठायचा कंटाळा असेल तर हा खेळ आपला नाही.

‘गाइडेड’ या शब्दावर फार विसंबू नका. सप्टेंबर 2021 मध्ये एल्ब्रुसवर गाइड सोबत असलेल्या एका गटातले पाच जण वादळात दगावले. बुकिंग करताना चार गोष्टी विचारा: गाइडकडे आंतरराष्ट्रीय पर्वतगाइड संघाचा बिल्ला आहे का, एका गाइडमागे किती जण (हिमनदीवर सहाच्या वर नकोत), परत फिरायची वेळ किती वाजता, आणि एकाला खाली न्यावं लागलं तर बाकीच्यांबरोबर कोण.

कागदपत्रांत इटलीला शेंगेन व्हिसा लागतो, रशियाला ई-व्हिसा चालतो. मात्र भारतातल्या बँकेचं व्हिसा कंपनीचं कार्ड किंवा मास्टरकार्ड 2022 पासून रशियात चालत नाही, सगळी रोकड न्यावी लागते. साध्या प्रवास विम्यात हिमनदी आणि दोर लावून केलेली चढाई सहसा धरत नाहीत. पॉलिसीत उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टर बचाव हे दोन्ही शब्द शोधा. शाकाहाराची सोय इटालियन हटवर सोपी: पास्ता, सूप, पोलेंटा. फक्त बुकिंगच्या वेळीच कळवा.

स्वित्झर्लंड-जर्मनीत राहणाऱ्यांसाठी तिसरा पर्याय आहे, सास-फेचं अलालिनहॉर्न (4027 मी). बोगद्यातली रेल्वे 3456 मीटरवर सोडते, पुढे दोन-तीन तास. तंत्र तपासायला उत्तम, फक्त आदल्या रात्री गावातच मुक्काम करा, नाहीतर डोकं ठणकतं.

एल्ब्रुस कुणी निवडावं? ज्यांना शिखर हवंय, स्की गौण आहे, आणि पाच हजारांच्या वर आधी एकदा तरी झोपून झालंय, त्यांनी. बाकीच्यांनी ग्रान पाराडिसोसाठी एप्रिलचा शेवटचा किंवा मेचा पहिला आठवडा बघावा. हटच्या जागा महिनोन् महिने आधी भरतात, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायलाही तितकाच वेळ जातो.