झडप बदलल्यानंतरचे तीन महिने: पुण्यातील एका हृदय-पुनर्वसन केंद्राचे परीक्षण

हृदयाची झडप बदलायची ठरली की शल्यविशारद कोण, रुग्णालय कोणते, खर्च किती, याची चौकशी आपल्याकडे कसून केली जाते. रुग्ण घरी परतल्यावर पुढचे तीन महिने कसे काढायचे, याविषयी मात्र ‘विश्रांती घ्या, पथ्य पाळा आणि सकारात्मक राहा’ यापलीकडे फारसे कोणी काही सांगत नाही. नेमक्या याच काळासाठी पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात चालणाऱ्या हृदय-पुनर्वसन केंद्रात, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रात, मी नाव घातले होते आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. वाचकाला आपल्या गावाजवळचे केंद्र पारखून घेता यावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे आणि त्यासाठी नावापेक्षा तेथील कामाची पद्धत कळणे अधिक उपयोगाचे आहे.

माझी मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, लहानपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापामुळे हळूहळू आकसत गेली होती. घशाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गातून हा ताप उद्भवतो, आणि त्यातून पुढे होणारे मायट्रल झडपेचे आकुंचन पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते. निरोगी माणसात या झडपेचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. माझे ते एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास उरले होते आणि झडपेवर चुना (कॅल्शियम) साचल्यामुळे फुग्याने ती रुंद करण्याचा मार्गही बंद झाला होता. छातीचे मधले हाड उघडून, रक्ताभिसरण काही काळ यंत्रावर घेऊन, तेथे दोन पाकळ्यांची यांत्रिक झडप बसवण्यात आली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. जिना चढताना लागणारी धाप पुष्कळच कमी झाली, हे घरच्या सगळ्यांनाच दिसत होते.

दिसत नव्हते ते निराळेच होते. घरी आल्यावर पहिले काही आठवडे मला कारण नसताना रडू येई, पहाटे दचकून जाग येई आणि शांत खोलीत झडपेची टिकटिक ऐकू येऊ लागली की ती आता थांबेल की काय, या धास्तीने पुन्हा डोळा लागत नसे. भेटायला येणारे सगळे जण मायेने येत होते आणि मायेनेच ‘मन खंबीर ठेवा’ असे सांगून जात होते. ते सांगणे खोटे नव्हते. परंतु मन खंबीर कसे ठेवायचे, सकाळी उठल्यावर त्यासाठी नेमके काय करायचे, हे त्यात नसे. या केंद्राचा सर्वांत मोठा गुण मी सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचे सर्व विवेचन त्याच्याच आधारावर आहे. तेथे मला कोणीही सकारात्मक राहायला सांगितले नाही. त्यांनी मला झेपेल असे काम दिले, ते मोजले, मोजलेला आकडा माझ्यासमोर लिहून ठेवला आणि पुढच्या खेपेस त्याहून थोडे अधिक काम दिले. उमेद त्यामागून आपोआप आली.

पहिल्या दिवशी सहा मिनिटे चालण्याची चाचणी झाली. तीस मीटर लांबीच्या सपाट मार्गिकेच्या दोन्ही टोकांना रंगीत शंकू ठेवलेले असतात आणि रुग्णाने आपल्या गतीने सहा मिनिटे जेवढे चालता येईल तेवढे चालायचे असते. दम लागला तर थांबता येते, भिंतीला टेकता येते. घड्याळ मात्र चालूच राहते. सोबतची फिजिओथेरपिस्ट माझ्या बरोबरीने न चालता किंचित मागून येत होती. आपण बरोबरीने चाललो तर रुग्ण नकळत आपली गती धरतो आणि मोजमाप चुकते, असे मी विचारल्यावर तिने सांगितले. चाचणीपूर्वी आणि नंतर नाडी, रक्तदाब व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण नोंदवले गेले आणि किती मीटर चालणे झाले, तो आकडा माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला गेला. तो आकडा पाहून मला वाईट वाटले होते, हे खरे आहे. पण त्या दिवसापासून माझ्या आजाराला ‘बरे वाटते’ आणि ‘बरे वाटत नाही’ यांखेरीज तिसरी, भरवशाची मोजपट्टी मिळाली.

दुसरी मोजपट्टी भिंतीवर टांगलेली होती. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली श्रमाची ही श्रेणी सहापासून वीसपर्यंत जाते आणि व्यायाम करताना आपल्याला किती श्रम वाटतात, हे रुग्णाने स्वतः आकड्यात सांगायचे असते. केंद्रात ती मराठीत मोठ्या अक्षरांत लावलेली होती: अकरापाशी ‘हलके’, तेरापाशी ‘थोडे जड’, सतरापाशी ‘फार जड’. मला अकरा ते तेरा यांच्या दरम्यान राहायला सांगितले होते. माझ्यासारख्या रुग्णांची नाडी अनेकदा अनियमित असते, शिवाय हृदयाची गती मंद ठेवणारे औषध चालू असते, त्यामुळे केवळ नाडीच्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज बांधता येत नाही. तेथे रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्याला वजन येते. अनेक महिने आपल्या शरीराविषयी डॉक्टर, यंत्रे आणि अहवालच बोलत असताना कोणीतरी आपल्याला ‘काकू, आत्ता किती वाटतंय?’ असे विचारावे आणि उत्तरानुसार ट्रेडमिलच्या पट्ट्याचा वेग खरोखर कमी करावा, याने रुग्णाचा स्वतःवरचा विश्वास किती परत येतो, ते अनुभवल्याखेरीज कळणार नाही.

एरवीचे सत्र साधारण तासाभराचे असे. आधी रक्तदाब, मग खांदे, मान आणि घोटे मोकळे करणारे हलके व्यायाम, त्यानंतर ट्रेडमिल किंवा स्थिर सायकल आणि शेवटी शरीर हळूहळू निवू देणाऱ्या हालचाली, असा क्रम ठरलेला होता. सुरुवातीच्या काळात छातीला लावलेल्या यंत्रातून ईसीजी सतत पडद्यावर दिसत असे आणि समोर कोणीतरी बसून तो पाहत असे. घरी चालताना वाटणारी भीती तेथे वाटत नव्हती, याचे श्रेय त्या पाहणाऱ्या डोळ्यांना आहे. हृदयरोग्याने अंथरुणावर पडून राहावे, ही समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. वैद्यकशास्त्रातही ती दीर्घकाळ होती. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या हृदयरोगतज्ज्ञांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे झोपवून न ठेवता लवकर खुर्चीत बसवावे, असे प्रतिपादन केले, तेव्हापासून ती ढळू लागली. माझ्या सासूबाईंना ही हकिगत सांगितल्यावर त्यांनी मला चालायला जाण्यापासून अडवणे सोडले, म्हणून तिचा येथे उल्लेख करते.

ज्या एका प्रसंगासाठी मी या केंद्राला मनापासून गुण देईन, तो स्वयंपाकघरासंबंधीचा आहे. छापील सूचनापत्रात दोन-अडीच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये, काही ओढू किंवा ढकलू नये, वाहन चालवू नये, असे नेहमीचे नियम होते. शस्त्रक्रियेत कापलेले छातीचे हाड स्टीलच्या तारांनी बांधलेले असते, ते प्राथमिक जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पुरते भक्कम व्हायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून हे नियम. तथापि कणीक मळणे हे ढकलणे झाले की नाही, याचे उत्तर त्या पत्रात नव्हते. मी विचारल्यावर फिजिओथेरपिस्ट मुलीने ‘नको’ एवढे म्हणून विषय संपवला नाही. तिने एक टॉवेल घट्ट गुंडाळून टेबलावर ठेवला, ‘ओट्यावर मळता की खाली बसून?’ असे विचारले आणि मला मळण्याची हालचाल अगदी हलक्या हाताने करून दाखवायला सांगितली. मळताना सगळा भार खांद्यांतून पुढे जातो आणि छातीच्या मध्यावर ताण येतो, हे तिने माझाच तळहात माझ्या छातीवर ठेवून मला जाणवून दिले. मग कणीक दुसऱ्या कोणीतरी मळावी, पोळ्या मी लाटाव्यात, लाटताना कोपरे अंगालगत ठेवावीत आणि ओटा उंच वाटत असेल तर टेबलावर लाटाव्यात, असे तिने ठरवून दिले. भरलेला कुकर उचलायचा नाही, पण रिकामी पातेली दोन्ही हातांनी अंगाजवळ धरून उचलायला हरकत नाही; दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, पण घड्या घालता येतील; अंथरुणातून उठताना हातांवर जोर न देता कुशीवर वळून आधी पाय खाली सोडायचे; खोकला आला तर उशी छातीशी कवटाळून खोकायचे. घरात पाहुण्यासारखे बसून राहिलेल्या बाईला त्या दिवशी पोळपाट-लाटणे परत मिळाले. माझ्या मनःस्थितीत खरा फरक तेथून पडू लागला, असे मी विचारपूर्वक म्हणते.

रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाविषयीचे मार्गदर्शनही चांगले होते. यांत्रिक झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम जन्मभर घ्यावे लागते आणि मायट्रल जागी अशी झडप असल्यास आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा (तो जितका मोठा तितके रक्त पातळ), साधारणपणे २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान ठेवतात. केंद्रात बोटातून एक थेंब रक्त घेऊन थोड्याच वेळात आयएनआर दाखवणारे यंत्र होते आणि प्रत्येक रुग्णाला त्याची वही घालून दिली होती. गुडघे दुखतात म्हणून परस्पर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणू नयेत, कोणीतरी सांगितले म्हणून काढे सुरू करू नयेत, दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला कृत्रिम झडपेविषयी सांगून प्रतिजैविक घ्यावे, हे तेथे पुन्हा पुन्हा बजावले जाई. एका रुग्णाने वारंवार तपासणीची कटकट नसलेली नवी औषधे का देत नाहीत, असे विचारले. अशा नव्या औषधांपैकी डाबिगाट्रानची यांत्रिक झडपांच्या रुग्णांवरील चाचणी २०१२ च्या अखेरीस गुठळ्या आणि रक्तस्राव अधिक आढळल्यामुळे थांबवावी लागली, असे उत्तर त्याला मिळाले. प्रश्नाला दटावणीऐवजी कारण मिळते, ही या केंद्राची रीत मला फार आवडली.

याच विषयात एक गंभीर उणीवही आढळली. आहाराच्या छापील तक्त्यात पालक, मेथी, कोबी आणि कोथिंबीर यांवर सरळ फुली मारलेली होती. या भाज्यांतील के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करते, हे बरोबर आहे. परंतु त्या वर्ज्य करण्याची गरज नसते, त्यांचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवायचे असते आणि औषधाची मात्रा त्यानुसार बसवायची असते. आहारतज्ज्ञांनी तोंडी हेच सांगितले, मात्र तक्ता बदलला नाही. जो रुग्ण तोंडी प्रश्न विचारणार नाही, तो महिनोन्महिने भाजीविना जेवेल, आणि पुढे एखाद्या लग्नात पोटभर मेथी खाऊन आयएनआर खाली आणेल.

मनाच्या आरोग्याची दखल तेथे ठरवून घेतली जाते. मनःस्थितीविषयी नऊ प्रश्नांचे एक मराठी पत्रक भरून घेतात आणि गरज वाटल्यास समुपदेशकाकडे पाठवतात. समुपदेशकांनी मला प्रथम एवढेच सांगितले की हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर असे रडू येणे अनेकांच्या बाबतीत घडते, बहुतेकांचे ते काही आठवड्यांत ओसरते आणि न ओसरल्यास त्यावर उपचार आहेत. माझी खिन्नता हा माझ्या स्वभावाचा दोष नाही, हे एका जाणकाराच्या तोंडून ऐकणे आवश्यक होते. टिकटिकीचा प्रश्न मात्र समुपदेशकांपेक्षा सहरुग्णांनी सोडवला. सोलापूरच्या एका काकांना अनेक वर्षांपूर्वी चित्रा झडप बसवलेली होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत विकसित झालेली ही भारतीय झडप १९९० पासून वापरात आहे. ते दुसऱ्या कारणासाठी केंद्रात येत. आवाज ऐकू येतो म्हणजे ती काम करते आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले, आणि इतकी वर्षे तो आवाज घेऊन शेती करणारा माणूस समोर बसलेला असल्यामुळे मला ते पटले.

त्रुटी आणखीही आहेत. सर्व सत्रे सकाळी अकराच्या आत असल्यामुळे नोकरदार मुलांना आई-वडिलांना सोडणे-आणणे कठीण जाते. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची स्वतंत्र खोली नाही, आणि छातीवर ईसीजीच्या तारा लावायच्या असतात तेथे ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही. आमच्या तुकडीत बायका फार थोड्या होत्या, त्याचे हेही एक कारण असावे. आमच्या विमा पॉलिसीत बाह्यरुग्ण सेवा धरलेली नसल्याने सारा खर्च पदरचा झाला. एका सत्राचे शुल्क घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या एका भेटीएवढेच होते, तरी आठवड्यातून अनेकदा जायचे असल्याने एकूण रक्कम मोठी होते. कार्यक्रम संपल्यावर दूरध्वनीवरून चौकशी करण्याची व्यवस्थाही नाही, ती असायला हवी.

असे असूनही झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाने आपल्या शल्यविशारदांच्या संमतीने अशा केंद्रात जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटच्या चाचणीत माझे चालणे पहिल्या दिवसापेक्षा पुष्कळ वाढले होते, परंतु मी शिफारस करते ती त्या आकड्याकरिता नव्हे, तर आपली प्रकृती आपल्या हाती घेता येते, हा जो विश्वास तेथे बसला, त्याकरिता. केंद्र निवडताना सत्रात ईसीजीवर लक्ष ठेवले जाते का, हृदयरोगतज्ज्ञ आवारात उपलब्ध असतात का, समुपदेशक आहेत का, आणि झडपेच्या रुग्णांचा त्यांना अनुभव आहे की केवळ बायपासच्या रुग्णांचा, एवढे अवश्य विचारावे. पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेनंतरचा इको अहवाल, चालू औषधांची यादी आणि आयएनआरच्या नोंदी बरोबर न्याव्यात, पायांत लेसचे नीट बसणारे बूट असावेत, आणि शक्य असल्यास घरात स्वयंपाकाचा भार जिच्यावर किंवा ज्याच्यावर येणार आहे, त्या व्यक्तीलाही सोबत घेऊन जावे.